दारातून येईल तेवढाच उजेड

लोणावळ्याच्या बाजारात आमचं रंगाचं दुकान आहे. वडिलांनी ते सुरू केलं तेव्हा ते पाट्या रंगवायचे. चिक्कीच्या दुकानांच्या, लॉजच्या, दवाखान्यांच्या, ट्रकच्या पाठीवरच्या. मग फ्लेक्स आले आणि दोन-तीन वर्षांत पाट्यांचं काम आटलं. उरलं ते एकच, फोटोवरून तैलचित्र करून द्यायचं. घरातलं कुणी गेलं की लोक पाकिटातून एखादा फोटो घेऊन यायचे आणि आम्ही त्याचं मोठं चित्र करून, फ्रेम घालून द्यायचो.

पुरुषांची चित्रं करणं सोपं. टोपी, मिशी, कपाळावरचा बुक्का, एवढं जमलं की घरचे ओळखतात. बायकांच्या चित्रावरून मात्र हुज्जत ठरलेली. "ताई, जरा उजळ करा." हे मी इतक्या वेळा ऐकलंय, की गिऱ्हाईक पायरी चढायला लागलं की मी पांढऱ्या रंगाची ट्यूब जवळ ओढून ठेवायची. फोटोतली बाई जन्मभर भातखाचरात वाकलेली असायची, उन्हानं रापलेली, कपाळावर आठ्या असलेली. मुलगा म्हणायचा, "आमची आई एवढी काळी नव्हती." मी ब्रश घ्यायची. गालावरची सावली पुसायची, डोळ्यांखालची पुसायची, नाकाखालची तर सगळ्यात आधी. शेवटी एक गोल, गुलाबी चेहरा उरायचा. तो कुणाचाच नसायचा, पण घरचे समाधानानं घेऊन जायचे.

वडिलांचा तसा नियमच होता. "पुरुषाला सावली शोभते. बाईच्या तोंडावर सावली ठेवलीस की गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी भांडायला दारात."

मी पुण्याला चित्रकला शिक्षकाचा डिप्लोमा केला. तिथं पहिल्याच महिन्यात प्लास्टरचं एक डोकं टेबलावर ठेवून त्याच्या एका बाजूनं दिवा लावला होता. दिवा समोर आणला की ते डोकं सपाट पोळीसारखं दिसे. बाजूला नेला की नाक वर येई, ओठ बोलतील असे होत, आणि त्याच पांढऱ्या तोंडावर चक्क दुःख दिसायला लागे. मी अगदी हरखून गेले होते. त्या संध्याकाळी घरी येऊन वडिलांना सगळं सांगितलं. त्यांनी ब्रश धुता धुता ऐकून घेतलं आणि म्हणाले, "प्लास्टरचं डोकं बरंय गं. ते तक्रार घेऊन येत नाही."

पुढं मी कुठं शिक्षिका झाले नाही. दुकानातच बसले. पण माझे दोन हात झाले म्हणा. एक दुकानाचा, गुलाबी चेहरे करणारा. दुसरा वहीचा. कार्ल्याच्या फाट्यावर काकड्या विकणाऱ्या बायका, एसटीची वाट बघत पदर डोळ्यांवर ओढून बसलेल्या, लोकलमध्ये खिडकीशी डुलक्या घेणाऱ्या. त्यांच्या चेहऱ्यांवरची ऊन-सावली मी पेन्सिलीनं उतरवत राहिले. या वह्या कुणाला दाखवल्या नाहीत. वीस वर्षांत किती वह्या भरल्या मलाच ठाऊक नाही.

तीन वर्षांपूर्वी गणपती उठल्यावर दुकानात एक बाई आली. गुलाबी साडी, खांद्याला मोठी पिशवी. कान्हे स्टेशनच्या पलीकडं डोंगराच्या पोटात ठाकर आदिवासींची एक वाडी आहे, तिथली ती आशाताई. गरोदर बायकांना तपासणीला नेणं, बाळांना डोस द्यायला लावणं हे तिचं काम. म्हणाली, "ताई, वाडीत आरोग्य उपकेंद्राची खोली बांधून झाली. तिथं माझ्या आजीचं चित्र लावायचं ठरलंय. आमच्या तीन वाड्यांतल्या निम्म्या माणसांची सुईण तीच."

"फोटो आणलाय?"

तिनं पिशवीतून आजीचं आधार कार्ड काढलं. आधारचा फोटो तो. कॅमेऱ्याच्या उजेडानं सगळं तोंड पांढरंफटक, डोळे विस्फारलेले, चोरी करताना धरल्यासारखे.

"दुसरा नाही?"

"दुसरा कुणी काढलाच नाही."

मी ते कार्ड उजेडात धरून उलटसुलट बघितलं. आणि मग तोंडातून निघून गेलं, "आजी गेल्या कधी?"

ती हसायलाच लागली. "गेली कुठं? सकाळी मला भाकरी बांधून दिलीय तिनं."

आमच्या दुकानातून जिवंत बाईचं चित्र तोवर एकही गेलं नव्हतं. मी कार्ड तिला परत दिलं आणि म्हटलं, "मग मीच येते. त्यांना समोर बसवून करते."

वडील मागं खुर्चीत बसून ऐकत होते. त्यांच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाल्यापासून ते ब्रश धरत नव्हते, पण दुकानात रोज यायचे. ती गेल्यावर म्हणाले, "समोर बसवून? म्हणजे रोज जाणार तू?"

"हो."

"म्हातारी माणसं बसत नाहीत गं एका जागी," एवढंच ते म्हणाले.

मी वलवणला राहते. सकाळची लोकल पकडून कान्ह्याला उतरायचं, तिथून आशाताईच्या स्कूटीवर मागं बसून डोंगराच्या पायथ्याशी, आणि मग रंगांची पेटी खांद्याला अडकवून वीसेक मिनिटांची चढण. खाली भात पोटरीला आलं होतं, वर उतारावर वरई. आजीचं घर वाडीच्या टोकाला होतं. कुडाच्या भिंती, शेणानं सारवलेली जमीन, पूर्वेला एकच दार, तेही इतकं बुटकं की मी पहिल्या दिवशी कपाळ आपटून घेतलं.

"वाकून यायचं," आतून आवाज आला. "ह्या दारातनं समदी वाकूनच येत्यात. डॉक्टर बी."

डोळे सरावायला वेळ लागला. मग दिसली. मधल्या खांबाला पाठ टेकून, दाराकडं कुशी करून बसलेली, बारीक, काटक. नऊवारी गुडघ्यापर्यंत वर ओढलेली, हातात काळे पडलेले चांदीचे वाळे. वय तिलाही माहीत नव्हतं.

मी म्हटलं, "आजी, अंगणात बसू या का? बाहेर छान उजेड आहे."

"न्हाई बाय. बाहीर माझ्या डोळ्यांतनं पानी गळतं. आन मी बाहीर कवा बसती? लोकं म्हणतील, ही कुनाची आजी."

मग तिथंच मांडलं. दारातून उन्हाचा पट्टा आत यायचा तो नऊच्या सुमाराला, आणि साडेदहाला संपायचा. तेवढ्या वेळात तो तिच्या उजव्या गालावर, गळ्यावर, मांडीवरच्या हातांवर पडायचा. डावी बाजू घरातल्या अंधारात जवळजवळ बुडालेली. मला पुण्यातला तो दिवा आठवला. हे मला हवं तसंच होतं, आणि गिऱ्हाइकाला नको तसंच.

पहिले दोन दिवस फुकट गेले. आजी आधारच्या कॅमेऱ्यासमोर बसल्यासारखी बसायची. ओठ घट्ट, मान ताठ, श्वाससुद्धा रोखलेला. मी विचारायची, "आजी, दमलात का?" ती तोंड न हलवता म्हणायची, "हलू का?"

तिसऱ्या दिवशी मी चित्राचं नावच काढलं नाही. आशाताईनं सुपात पावटे आणून आजीच्या पुढ्यात ठेवले आणि ती कामाला निघून गेली. आजी पावटे सोलायला लागली, आणि दोन शेंगांत तिचा चेहरा बदलला. खांदे उतरले, मान थोडी कलली, खालचा ओठ सैल झाला. मी आवाज न करता कोळशानं ओढायला सुरुवात केली. सोलता सोलता ती बोलायला लागली.

तिची आईही सुईण. आई गेल्यावर लोक हिला बोलवायला लागले, तेव्हा ही स्वतःच एका लेकराची आई. कुठं डोंगराच्या पल्याड बोलावणं यायचं, कुठं खाली गावातल्या पाटलांच्या वाड्यावर. पावसाळ्यात दारं लावून घेतली की भर दुपारीसुद्धा घरात काही दिसायचं नाही. मग एक चिमणी पेटवायची.

"चिमणी धरायला एक बाई लागायची," ती म्हणाली. "नवी बाई असली की हमेशा चुकायची. उजेड धरायची बाळंतिणीच्या तोंडावर. मी म्हनायची, आगं तिच्या तोंडावर कशाला? ती भेदरती. तिला वाटतं समदी माझं तोंड बघत्यात. उजेड माझ्या हातावर धर. तोंड ऱ्हाऊ दे सावलीत. सावलीत बाईला बरं वाटतं. तिला वरडायचं तर वरडती, रडायचं तर रडती."

माझा कोळसा थांबला. मी जन्मभर बायकांच्या तोंडावरची सावली डाग समजून पुसत आले होते. या बाईनं ती पांघरूण घालावं तशी घातली होती.

त्यानंतर मी रंग काढले. आठ-दहा सकाळी तिथं गेले असेन. सावलीसाठी काळा वापरायचा नाही हे मी पुण्यात शिकले होते, पण तिथं बसून ते खरं कळलं. कारण तिच्या डाव्या गालावर काळं काही नव्हतंच. सारवलेल्या जमिनीवरून उठून येणारा हिरवट करडा होता, चुलीमागच्या भिंतीचा तांबूस होता, आणि गळ्याखाली निळ्या पदराचा निळा. नीट बघितलं तर त्या अंधारात तिचा दुसरा डोळा मला बघत होता. तो मी सगळ्यात शेवटी काढला.

एका सकाळी तिनं सुपाला हात लावला नाही. आपणहून म्हणाली, "माझी लेक माझ्याच हातावर गेली. ठावं हाय का तुला?"

मला माहीत नव्हतं.

"पयलंच बाळंतपन. हितंच, ह्याच खांबापाशी. पोरगी झाली, ती रडली बी. मग रगत थांबंना. मी समदं केलं, आईनं शिकीवलं ते समदं. न्हाई थांबलं." तिनं आपले तळवे उघडून उन्हात धरले आणि त्यांच्याकडं बघत राहिली. "ती पोरगी म्हंजी ही. तुमची आशाताई."

बाहेर कोंबड्या उकरत होत्या. मी ब्रश खाली ठेवला.

"मग मी म्हनलं, आता नगं. हात न्हाई लावायचा. दोन म्हयनं गेली न्हाई कुटं. पन मग पल्याडच्या वाडीतली एक अडली, तिची सासू येऊन पाय धराया लागली. गेले. बघितलं, आन मला कळलं, हे माझ्या हातचं न्हाई. तवा मी त्यास्नी सांगितलं, झोळी करा, दवाखान्यात न्या, आत्ताच्या आत्ता. त्यास्नी वाटलं म्हातारी भ्याली. मी म्हनलं, व्हय, भ्याले. उचला." ती जराशी हसली. "जगली ती. दोगं बी जगली. तवापासनं माझ्या हातचं काय आन न्हाई काय, ते मी आदी बघायची. लोकं म्हनत्यात, आजीनं किती पोरं काढली. मी किती बायका खाली धाडल्या ते कुनी म्हनत न्हाई. माझ्या मतानं तेच मोठं काम."

हे सांगताना तिचा चेहरा उजेडातून थोडा मागं गेला होता, आणि हात मात्र उन्हात तसेच उघडे होते. मी आधीची मान पुसून टाकली आणि ती नवीन कलती मान घेतली. हातही नव्यानं काढले, सुपाच्या काठावर अर्धवट उघडे. त्या दिवशी उतरताना मी आशाताईला म्हटलं, "आजीनं सांगितलं मला." ती स्कूटीला किल्ली लावत म्हणाली, "मलाही दहावी झाल्यावर तिनंच सांगितलं. म्हणूनच मी हे काम घेतलं, ताई. वाडीत एकही बाळंतपण आता घरी होत नाही. एकही नाही." तिचा आवाज असा होता, की मी मागं बसून नुसतं तिच्या खांद्यावर हात ठेवला.

चित्र पुरं झालं तेव्हा भाताची कापणी सुरू झाली होती. ते दुकानात आणून भिंतीला टेकवलं आणि वडिलांची वाट बघत बसले. वय चाळीशी ओलांडलेलं, पण दोनदा उठून चित्र पुन्हा सरळ केलं. ते आले, चष्मा पुसला, खुर्ची पुढं ओढून बसले.

"अर्धं तोंड अंधारात ठेवलंस."

"हो."

"हे परत येणार."

"येऊ दे."

ते वाकले आणि सावलीच्या बाजूला नाक टेकेल इतके जवळ गेले. "यात काळा कुठं घातलायस?"

"कुठंच नाही."

"अजिबात नाही?"

"ट्यूब उघडलीच नाही, बाबा."

ते मागं टेकून बसले. चाळीस वर्षं काळ्या रंगानं अक्षरांना सावली देणारा माणूस तो. मग एकदम कामाचं विचारलं, "टांगणार कुठं? त्या खोलीला खिडकी कोणत्या बाजूला आहे?"

मला ते सुचलंच नव्हतं. ते म्हणाले, "पाटी रंगवायच्या आधी मी भिंत बघायला जायचो. ऊन कुठून येतं ते बघायचो. तुझ्या चित्रात उजेड डावीकडून येतोय. खिडकी उजव्या हाताला असली तर दोन्ही उजेड भांडतील आणि बिचारी म्हातारी मधे सापडेल. आणि काच घालू नकोस. काचेत बघणाराचंच तोंड दिसतं." थोड्या वेळानं म्हणाले, "मी येतो टांगायला."

गुडघेदुखीनं जिना न चढणारे माझे वडील दोन ठिकाणी बसत बसत ती चढण चढले. उपकेंद्राच्या खोलीत उभे राहून त्यांनी चारही भिंती बघितल्या. सगळ्यांनी मधली भिंत ठरवली होती, दारासमोरची. त्यांनी ती नाकारली आणि खिडकीशेजारची निवडली, जिथं खऱ्या उन्हाची दिशा आणि चित्रातल्या उन्हाची दिशा एक होत होती. खिळा मी ठोकला. लांबी-रुंदी त्यांनी डोळ्यांनीच मोजली, आणि मोतीबिंदूच्या त्या डोळ्यांनी मोजलेली फ्रेम सुतात बसली.

दुसऱ्या दिवशी कार्यक्रम होता. त्याच दुपारी सरपंच चित्र बघायला आले. खालच्या गावातले, शेती आणि एका कारखान्यात नोकरी दोन्ही सांभाळणारे, स्वभावानं सरळ. चित्रासमोर उभे राहिले आणि त्यांचं तोंड उतरलं.

"ताई, राग मानू नगा. पन हे असं कसं लावायचं?"

"का भाऊ?"

"उद्या मानसं येनार. बघनारा म्हनंल, वाडीतली बाई म्हनून मुद्दाम काळी दाखीवली. आमच्या मनात तसं काय न्हाई, पन दिसतंय तसं. जरा उजळ करून आना. एक दिवसाचं काम आसंल न्हाई का?"

त्यांचं म्हणणं वाईट हेतूचं नव्हतं. त्यांना आजीचा मान राखायचा होता. वाडीतल्या चार-पाच बायका दारात उभ्या होत्या. त्यांतली एक हळूच म्हणाली, "अर्दीच दिसती ओ आजी." माझा दुकानाचा हात खिशातल्या पांढऱ्या रंगाच्या ट्यूबकडं जायला लागला होता. वीस वर्षांची सवय. मी वडिलांकडं बघितलं. ते खिडकीबाहेर बघत उभे राहिले. हे माझं मीच निभावायचं होतं.

मी म्हटलं, "भाऊ, चित्र त्यांचं आहे. त्यांना विचारू. त्या म्हणतील ते मी करते, आत्ता, इथंच."

आशाताई आजीला हाताला धरून घेऊन आली. खोलीत पाय टाकताना आजी सवयीनं वाकली. दार चांगलं उंच होतं तरी. मग ती चित्रापाशी गेली. तिला जवळूनच दिसायचं. तिनं आधी चित्रातले हात बघितले, मग आपले हात पुढं करून ताडून बघितले. अंगठ्याशेजारचं वाकडं बोट मी तसंच वाकडं काढलं होतं. त्याच्यावर तिनं बोट ठेवलं. मग ते बोट हळूहळू वर नेलं, गळ्यावरून, गालावरून, आणि सावलीच्या बाजूला नेऊन थांबवलं.

सरपंच म्हणाले, "आजी, ही बाजू काळी झाली. ताई म्हनत्यात, पायजे तर उजळ करते."

"काळी कुटं झाली?" आजी म्हणाली. "ही घराकडची बाजू हाय."

तिनं बोट चित्रातल्या उजळ गालाकडं नेलं.

"माझ्या दारातनं तेवढाच उजेड येतो, बाबा. हिनं जास्ती दावला तर लोकं म्हनतील, म्हातारीनं कुटनं चोरून आनला?"

दारातल्या बायका खळखळून हसल्या. मघाची ती बाईसुद्धा. सरपंचांनाही हसू आवरलं नाही. आजी मात्र हसली नाही. ती अजून चित्राकडंच बघत होती. म्हणाली, "हात बराबर हायती. डोळा बी हाय, हितं, आंधारात. ऱ्हाऊ द्या आसंच."

आणि मग माझ्याकडं वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "पोरी, तू लय बगितलंस मला. माझ्याकडं एवढं कुनी बगितलं न्हवतं."

मला बक्षिसं मिळालेली नाहीत, माझं प्रदर्शन कुठं लागलेलं नाही. पण त्या वाक्याची किंमत मला विचाराल तर मी सांगू शकणार नाही. वडील खिडकीपाशी उभे होते. त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि चष्मा पुसायला लागले. पुसतच राहिले.

दुसऱ्या दिवशी कार्यक्रम व्यवस्थित झाला. कुणीतरी झेंडूचा मोठा हार आणला होता आणि तो फ्रेमला घालायला पुढं झाला. आजी पहिल्या रांगेतून ओरडली, "आरं, मी हितं बसलीया! मला मारतूस का?" मग तो हार कुणाला घालायचा यावर थोडा गोंधळ झाला, आणि शेवटी तो वाडीतल्या नव्या बाळंतिणीच्या गळ्यात पडला. ती आठ दिवसांपूर्वीच दवाखान्यातून बाळ घेऊन आली होती. पाहुण्यांपैकी एकानं चित्रासमोर उभं राहून मला विचारलं, "हे कुठल्या फोटोवरून केलं?" मी काही बोलायच्या आत वडील म्हणाले, "फोटोवरून नाही. माझी मुलगी समोर बसवून काढते." हे ते अशा थाटात बोलले की जणू आमच्या दुकानात पहिल्यापासून हीच पद्धत होती.

सगळंच काही मनासारखं झालं असं नाही. सरपंचांना शेवटपर्यंत ते चित्र अंधारंच वाटलं. पुढच्या महिन्यात त्यांनी प्रेमानं चित्राच्या डोक्यावर एक ट्यूबलाइट बसवून घेतली. ती लागली की सावलीतले सगळे रंग मरतात आणि आजी खडूनं काढल्यासारखी दिसते. वडिलांना हे कळलं तेव्हा ते दोन दिवस धुसफुसत होते. आशाताई दिवसा ती ट्यूब बंद ठेवते, आणि सरपंच आले की लावते.

दुकानात मात्र बदल झाला. मी रस्त्याकडच्या खिडकीपाशी एक खुर्ची ठेवली आणि सांगायला लागले, की फोटो असेल तर करून देईन, पण माणूस असेल तर माणूस घेऊन या. पहिले काही महिने कुणी फिरकलं नाही. फोटोवाले येतच होते, अजूनही येतात. कुणी अडून बसलं तर मी चेहरा थोडा उजळही करते, खोटं कशाला बोलू. पण नाकाखालची सावली आता पुसत नाही. तिथं मी ऐकत नाही.

मग एकेक बाई येऊन बसायला लागली. चिक्कीच्या कारखान्यात गूळ घोटून मनगटं दणकट झालेली एक मावशी आली. तिच्या सुनेनं पाठवलं होतं. कार्ल्याच्या शाळेतली एक शिक्षिका निवृत्तीच्या आठवड्यात आली आणि बसल्या बसल्या झोपली. मी ती झोपलेलीच काढली. ती आधी रागावली, मग चित्र घेऊन गेली.

गेल्या हिवाळ्यात एक तिशीतली बाई आली. रेल्वेच्या गँगमध्ये रुळांची देखभाल करते. कान्ह्याच्या बाजूलाच राहते. कामावरून थेट आली होती, अंगात ते भडक नारिंगी जाकीट. काढायला लागली तर मी म्हटलं, "राहू दे." ती म्हणाली, "मला पण तेच पाहिजे होतं, ताई. साडीतले फोटो लग्नाचे आहेत की." ती बसली. खिडकीतला उजेड जाकिटावर पडला आणि तिथून उडून तिच्या हनुवटीखाली गेला. तिची सगळी सावली नारिंगी झाली, शेकोटीजवळ बसल्यासारखी. वडील मागच्या खुर्चीतून उठून माझ्या मागं येऊन उभे राहिले आणि कानाशी म्हणाले, "हनुवटीखालचं बघ. सोडू नकोस ते." मी सोडलं नाही.

पाच-सहा बैठकांत ते चित्र झालं. ती न्यायला आली त्या दिवशी मी कागद आणि सुतळी काढून ठेवली होती. तिनं चित्र बघितलं, हात पाठीमागं बांधून, लांबून, एखादं काम तपासावं तसं. मग म्हणाली, "गुंडाळू नका."

"अगं, लोकलमध्ये धक्का लागेल."

"लागू दे. मी धरते."

मी तिला स्टेशनवर सोडायला गेले. दुपारची पुण्याकडं जाणारी गाडी लागली होती, डबा अर्धा रिकामा. ती खिडकीशी बसली आणि ओल्या वार्निशला हात लागणार नाही अशा बेतानं तिनं चित्र मांडीवर उभं धरलं, तोंड बाहेरच्या बाजूला, येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना दिसेल असं. गाडी सुटली तेव्हा फलाटावरचा एक हमाल चालता चालता थांबला. त्यानं आधी चित्र बघितलं, मग मागं बसलेली ती, मग परत चित्र.

"तुमीच का वो?" त्यानं विचारलं.

"मग दुसरं कोण?" ती म्हणाली, आणि गाडी पुढं गेली.